करवंटीत न मावलेले तोंड

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे विरळ होत जातात आणि उघडा माळ सुरू होतो, तिथे जनावरांची एक वस्ती होती. आणि त्या वस्तीतल्या मेंढवाड्याच्या तोंडाशी एक काळी कुत्री राहत असे. अंगाने ती थोराड, छातीने भरदार, आणि जबडा म्हणाल तर चांगला रुंद. ते तोंड पाहिले की परका प्राणी लांबूनच वाट बदलायचा. वस्तीतली कोकरे मात्र त्याच तोंडावर पाय देऊन तिच्या पाठीवर चढत, घसरून पडत आणि पुन्हा चढत. ती डोळे मिटून पडून राही. एखाद्याचे शेपूट नाकाशी आले तर तेवढे चाटून देई.

मुलांनो, राखण करणे हे पाहणाऱ्याला फार सोपे काम वाटते. राखणदार नुसता लोळत पडलेला दिसतो. तो तिथे पडलेला असतो म्हणून बाकीचे निर्धास्त झोपतात, हे तो उठून गेल्यावरच कळते. काळीचे काम असेच होते. संध्याकाळी कळप परतला की ती दाराशी उभी राही, आत जाणाऱ्या प्रत्येकाचा वास घेई, आणि शेवटचे कोकरू आत शिरले की एकदाच, भरल्या गळ्याने भुंके. त्या भुंकण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता : सगळे आत आले. ते ऐकल्यावरच मेंढ्या गुडघे मोडून खाली बसत.

त्या वर्षी एका मेंढीला जुळी झाली. थंडी कडाक्याची पडली होती आणि मेंढी बाळंतपणाने खंगलेली. तिच्या अंगाची ऊब दोघांना पुरेना. काळीने काही न विचारता दोन्ही कोकरे आपल्या पोटाशी घेतली. भूक लागली की ती आईकडे धावत, आणि पोट भरले की पुन्हा काळीच्या पोटाशी येऊन निजत. तिला ती मावशी म्हणू लागली. मेंढी हसून म्हणायची, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, ते माझ्याच घरी खरं व्हायचं बाई!" आणि काळी लाजून तोंड पंजात लपवायची. एवढे मोठे तोंड पंजात कसले लपते! पण ती लपवायची खरी.

त्याच वस्तीत एक कोल्हा होता. त्याला मिरवायची भारी हौस. कोल्ह्याने कुत्रा पाळावा, हे ऐकून तुम्ही हसाल. खुशाल हसा, पण त्याने पाळला होता. कुठून तरी त्याने काळीच्याच जातीचे, रुंद जबड्याचे एक पिल्लू आणले आणि आपल्या बोरीच्या जाळीपाशी बाभळीला बांधून टाकले. पिल्लाचा मोठा कुत्रा झाला, तरी दोरी तीच आणि बाभूळही तीच. खायला अर्धपोटी, टोचायला मात्र पोटभर. कोणी रस्त्याने जाऊ लागले की कोल्हा त्या कुत्र्याला मागून डिवचून भुंकायला लावी आणि म्हणे, "बघा आमचा वाघ! आहे कुणाची हिंमत बोराला तोंड लावायची?"

काळीने एकदा त्याला म्हटलेही होते, "कोल्होबा, दोरी झिजलीय हो. आणि पोर उपाशी दिसतंय."

"तुला काय कळतंय?" कोल्हा म्हणाला. "उपाशी ठेवल्याशिवाय दाताला धार येत नाही."

मग व्हायचे तेच झाले. एके दिवशी दोरी तुटली. जुळ्यांपैकी एक कोकरू जाळीखाली पडलेली बोरे वेचत होते. काळी तेव्हा कळपाबरोबर माळाच्या दुसऱ्या टोकाला होती. आरडाओरडा ऐकून ती जिवाच्या आकांताने धावत आली, तेव्हा कोकरू निपचित पडलेले होते आणि तो कुत्रा रानात पळून गेला होता. तो पुन्हा कधी कोणाच्या दृष्टीस पडला नाही. मेंढीने हंबरडा फोडला. काळीच्याही गळ्याशी तसाच हंबरडा आला होता. पण गर्दीतून कोणीतरी ओरडले, "ही बघा, ही त्याच जातीची!" आणि सगळे दोन पावले मागे सरकले. तिचेही कोकरूच गेले होते. पण तिला रडायला कोणी जागा दिली नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली पंचायत बसली. पंच होता एक म्हातारा बैल. त्याच्या मानेखाली एक केस नसलेला, गुळगुळीत पट्टा होता. तरुणपणी तो मारका होता. शिंगे रोखून अंगावर यायचा, म्हणून त्याच्या गळ्यात लोढणे अडकवले होते. नाठाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, ते धावू लागले की तो गुडघ्यांवर आपटतो, त्याला लोढणे म्हणतात. आता बैल शहाणा झाला होता आणि तो पट्टा आपल्या शहाणपणाची खूण आहे असे समजत होता. तसे ते खरेही होते.

सगळ्यांत आधी कोल्हाच उठला. डोळे पुसत म्हणाला, "मी काय त्याला कमी जीव लावला? तळहाताच्या फोडासारखा जपला. पण जातच तशी! शेवटी गेला जातीवर."

हे वाक्य मोठे सोयीचे आहे, मुलांनो. ते एकदा म्हटले की दोरीबद्दल कोणी विचारत नाही.

"मग काय करावं म्हणता?" बैलाने विचारले.

"रुंद जबड्याच्या झाडून सगळ्यांना ओढ्यापलीकडे काढा," कोल्हा म्हणाला. "न रहेगा बाँस, न बजेगी बाँसुरी म्हणतात तसं, मुळावरच घाव घाला."

सशाने कान हलवत विचारले, "पण रुंद म्हणजे केवढा?"

प्रश्न रास्त होता, म्हणून सगळे एकमेकांची तोंडे न्याहाळू लागले. तेवढ्यात कावळा उडून गेला आणि रानातल्या देवळाच्या पायरीवरून अर्धी करवंटी चोचीत धरून घेऊन आला. "ही घ्या," तो म्हणाला. "ज्याचं तोंड हिच्यात मावलं तो साधा. ज्याचं मावलं नाही तो घातकी." सगळ्यांनी माना डोलावल्या. हाती माप आले की आपण न्याय केला असे वाटू लागते, ही फार जुनी खोड आहे.

कोल्ह्याने पुढे होऊन तोंड घातले. ते अलगद मावले. झुबकेदार शेपटीचा एक छोटा कुत्रा होता, त्याचे तर मावून वर जागा उरली. बोकडाने उगाच हौसेने तोंड खुपसले, ते अडकून बसले आणि त्याला दोघांनी ओढून काढावे लागले. "तुम्ही नका हो मोजू, तुम्ही कुठे चावता!" म्हणून त्याला सोडून देण्यात आले. बैलाचे तोंड तर तीन करवंट्यांत मावले नसते. पण पंचाचे तोंड मोजायची कुठे पद्धत नाही.

मग काळीची पाळी आली. तिने ओठ आवळले, गाल आत ओढले, श्वास रोखून धरला. आपले तोंड थोडे, अगदी थोडेसे बारीक व्हावे, असे तिला जन्मात पहिल्यांदाच वाटले. करवंटी तिच्या नाकावर टेकली आणि तिथेच राहिली. एक करडू खुदकन हसले.

"पण ही आपली आहे," ससा चाचरत म्हणाला. "हिने कुणाचं काय केलंय?"

"नियम म्हणजे नियम," बैल म्हणाला. "आज हिला सोडलं तर उद्या दुसरा उभा राहील. मेंढीबाई, तुमचं लेकरू गेलं. तुम्ही सांगाल ते करू."

काळीने मेंढीकडे पाहिले. मेंढीचे डोळे रडून सुजले होते. तिने काळीच्या तोंडाकडे पाहिले आणि तिला त्या दुसऱ्या तोंडाची आठवण झाली. दोन्ही तोंडे सारखीच होती. मेंढी काही बोलली नाही. तिने मान खाली घातली.

कोल्ह्याचे बोलणे काळीला लागले नव्हते. त्याच्याकडून तिने काही अपेक्षाच केली नव्हती. मेंढीचे गप्प राहणे मात्र तिच्या काळजात रुतले. ती उठली आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागली. मागून उरलेले कोकरू ओरडत होते, "मावशी! मावशी, कुठे चाललीस?" तिने मागे वळून पाहिले नाही. वळून पाहिले असते तर तिचा पाय पुढे पडला नसता.

ओढ्यापलीकडे एक सपाट खडक होता. तिथून मेंढवाडा दिसत नसे, पण तिन्हीसांजेला कळप परतताना उडालेली धूळ दिसे आणि आवाज ऐकू येत. काळी रोज त्या वेळी खडकावर येऊन बसू लागली. पैलतीरावरचा एकेक आवाज ती कान टवकारून ऐके. ही म्हातारी मेंढी, हा लंगडा मेंढा, ही कालच व्यालेली. आणि मग एक बारीक, घोगरा आवाज, ज्याची ती दिवसभर वाट पाहत असे. तो आवाज आत गेला की भुंकणे आपोआप तिच्या गळ्याशी येई. पहिल्या दिवशी ते तोंडातून निसटलेही होते; पण पलीकडे एकच पळापळ झाली, "आली, आली!" म्हणून. त्यानंतर ती ते भुंकणे गिळू लागली. गिळलेले भुंकणे छातीत कसे ढवळते, हे ज्याने गिळले त्यालाच माहीत.

तिला शिकार मिळत होती, पाणी मिळत होते, अडवायला कोणी नव्हते. पण पोटाला एका जागी गार लागे. दोन कोकरे जिथे निजत, नेमकी ती जागा. ती कुशीवर वळून पाही, अंगाचे वेटोळे करून पाही, तरी ऊब लागत नसे. हे मोकळे रान आपले नाही, असे तिला रोज नव्याने वाटे. तरीही सकाळसंध्याकाळ ती ओढ्याच्या काठाने वर-खाली फेऱ्या मारी, लांडग्याने इकडे फिरकू नये म्हणून. हे काम तिला कोणी सांगितले नव्हते. काढून टाकलेल्या राखणदाराला कोण काम सांगणार?

इकडे वस्तीत तिच्या जागी झुबकेदार शेपटीचा छोटा कुत्रा नेमला गेला. त्याचे तोंड करवंटीत मावले होते, एवढी त्याची लायकी सगळ्यांना पुरे वाटली. तो वाळके पान हलले तरी तासभर भुंके आणि खरोखर काही खसफसले की मेंढ्यांच्या मध्ये जाऊन बसे. येता-जाता कोकरांच्या टाचा चावायची त्याला वाईट खोड होती. कोकरे तक्रार करीत, तर मोठी माणसे हसत. हो, जनावरांतही मोठी माणसे असतात. ती म्हणत, "अगं बाई, कसा गोड चावतो बघा!"

उन्हाळा आला. ओढा आटत आटत गेला आणि शेवटी नुसती वाळू उरली. आता पलीकडे जायला पाय भिजवायचीही गरज नव्हती. काळी वाळूच्या कडेशी येऊन उभी राही, एक पाय उचले आणि परत मागे घेई. पाणी आटले तरी नियम आटला नव्हता. ती ज्यांची राखण करत होती त्यांचाच तो नियम होता, म्हणून ती त्याचीही राखण करत राहिली.

एका संध्याकाळी खडकावर बसल्या बसल्या तिला खुरांचा आवाज ऐकू आला. वळून पाहते तो समोर कोकरू! चांगले अंगाने भरलेले, डोक्यावर शिंगांचे कोंब फुटलेले. मागच्या पायातून थोडे रक्त येत होते.

"मावशी, मी आलो," ते म्हणाले. "तो छोटा कुत्रा रोज चावतो आणि सगळे हसतात. आता मी इथेच राहणार. तुझ्याजवळ."

काळीने त्याला नाकापासून शेपटापर्यंत हुंगले. तीच लोकर, तोच दुधाचा वास, आता थोडा गवताचा मिसळलेला. तिने त्याच्या पायाची जखम चाटली. कोकरू तिच्या पोटाला टेकून बसले. ते आता मोठे झाले होते, अर्धे अंग बाहेरच राहिले. पण ती गार जागा गरम झाली. राहू दे, तिचे मन म्हणाले. कोणाला कळणार आहे? आपण काही कोणाकडे मागितले नव्हते, ते आपल्या पायांनी आले आहे. खरे सांगायचे तर त्या घटकेला तिला वस्ती, नियम, बैल, मेंढी, कोणीही नको होते. तिला फक्त ते कोकरू हवे होते.

इतक्यात वारा फिरला. करवंदीच्या जाळ्यांकडून उग्र वास आला आणि काळीच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले. लांडगे. एक नव्हे, दोन तरी.

"बाळा, ऊठ. घरी जा," ती म्हणाली.

"नाही जाणार."

"लांडगे आलेत रे."

"मग काय झालं?" कोकरू डोळे मिटत म्हणाले. "तू आहेस की!"

ते 'तू आहेस की' ऐकायला ती किती दिवस आसुसली होती. पण तिला हिशेब कळत होता. एकाशी भिडावे तर दुसरा मागून कोकरावर जाणार. कोकरू उचलून न्यावे तर ते आता तोंडात मावण्याएवढे राहिले नव्हते. तिने त्याला नाकाने ढकलले, ते हट्टाने आणखी पसरून बसले. ती गुरगुरली, तर ते हसले.

तेव्हा काळीने असे काही केले, जे तिने जन्मात कधी कोणा कोकरापुढे केले नव्हते. तिने ओठ मागे ओढले, सगळे दात उघडे केले आणि डोळे वटारून त्याच्या तोंडासमोर झडप घातली. कोकराने डोळे उघडले, आणि सगळी वस्ती जे तोंड पाहत आली होती ते त्याने पहिल्यांदाच पाहिले. किंकाळी फोडून ते पळत सुटले. भीतीने त्याला दिशा कळेना. ते जाळ्यांकडेच वळले. काळी आडवी झाली, दात विचकून तिने त्याला वळवले. ते ओढ्याच्या पात्रातून खाली धावले, ती पुन्हा आडवी आली. असे हाकत, वळवत तिने त्याला वाळू पार करायला लावली, काठावर चढवले आणि थेट मेंढवाड्याच्या दारापर्यंत आणून सोडले. कोकरू आत घुसले. काळी दाराशी थांबली, धापा टाकत, आपल्याच जुन्या जागेवर.

"काळी आली! काळी जातीवर गेली!" चिंचेवरून कावळा ओरडला. बघता बघता सगळी वस्ती गोळा झाली.

"मी सांगत नव्हतो?" कोल्हा म्हणाला. "आज ना उद्या हे होणारच होतं. बघा, पोराच्या पायाला रक्त!"

बैलाने कोकराला विचारले. ते हुंदके देत म्हणाले, "मावशीने दात दाखवले. मला खायला धावली."

काळीला ते शब्द ऐकू आले. कोकरू आईच्या आड लपून तिच्याकडे बघत होते, जसे सगळे बघत असत तसेच. जगात एवढे एकच घर तिच्यासाठी उघडे होते, ते तिने स्वतःच्या दातांनी बंद केले होते. "तुला काही सांगायचंय?" बैलाने विचारले. ती एवढेच म्हणाली, "आत आला ना तो? मग झालं."

मेंढी इतका वेळ कोकराचा पाय चाटत होती. तिने मान वर केली. "हे दात बारीक आहेत," ती म्हणाली. "एवढाल्या तोंडाचे दात असे जवळ जवळ उमटत नाहीत."

"ते होय?" छोटा कुत्रा शेपूट हलवत पुढे आला. "ते माझेच की. दुपारचे. नुसती गंमत हो!" यावेळी कोणी हसले नाही.

मेंढीने कोकराला विचारले, "ती तुझ्यामागे धावली म्हणतोस. तुला कुठे पळवलं तिने?"

"घराकडे."

"आणि तू दुसरीकडे वळलास तर?"

"आडवी आली."

"तिचा दात लागला कुठे?"

कोकराने स्वतःच्या अंगाकडे पाहिले. लोकरीची एक बटसुद्धा निघाली नव्हती. "नाही," ते हळूच म्हणाले.

"खाणारं जनावर पिल्लाला त्याच्या आईकडे हाकतं का रे कधी?" मेंढी म्हणाली. आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून, त्या सपाट खडकाच्याच बाजूने, लांडग्याची लांबलचक आरोळी आली. जवळूनच दुसऱ्याने तिला साद दिली. छोटा कुत्रा केव्हाच मेंढ्यांच्या मध्ये जाऊन बसला होता. आता कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

मेंढी वळली ती कोल्ह्याकडे. "जात, जात म्हणता. त्या दिवशी कुणी विचारलं नाही, मी आज विचारते. दोरी कुणाच्या हातात होती?"

कोल्हा म्हणाला, "आता जुन्या गोष्टी उकरून..."

"माझं लेकरू जुनं झालं नाही अजून," मेंढी म्हणाली. कोल्ह्याने मान फिरवली.

मग ती बैलाला म्हणाली, "आजोबा, तुम्हीही एकेकाळी शिंगं रोखून धावत होता. तेव्हा शिंगवाल्या सगळ्यांना कुणी ओढ्यापलीकडे काढलं नाही. जो मारत होता त्याच्या गळ्यात लोढणं बांधलं. म्हणून आज तुम्ही पंच होऊन बसलात."

बैलाने चिंचेच्या खोडाला मान घासली. नेमकी तीच, गुळगुळीत पट्ट्याची जागा. "नियम केला आहे बाई," तो म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता.

"मग चांगला करा. माझी भीती खोटी नाही. तो जबडा काय करू शकतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांना मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याच्या गळ्यात लोढणं असू दे, त्याच्यासाठी कुणीतरी जामीन असू दे, आणि त्याच्याकडून काही झालं तर जाब त्या जामिनाला विचारा. काळीला मी जामीन."

शेवटी बैलाने होकाराची मान हलवली. करवंटी उचलून नेऊन कावळ्याने ती पुन्हा देवळाच्या पायरीवर ठेवली. तिथेच तिची जागा होती. ज्याला पोटाला घालता येत नाही त्याने यापुढे दोरी हातात धरायची नाही, असे ठरले, आणि कोल्ह्याची बाभूळ तेव्हापासून रिकामीच राहिली. छोट्या कुत्र्याच्या गळ्यातही सुपारीएवढे लोढणे बांधले गेले. तो त्यानंतर आठवडाभर रुसून बसला होता.

काळीच्या गळ्यात लोढणे मेंढीनेच अडकवले. दोरी सैल आहे ना, मान काचत नाही ना, ते तिने दोनदा पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी गप्प राहिले गं."

"तुझं कोकरू गेलं होतं," काळी म्हणाली.

"तुझंही," मेंढी म्हणाली.

तेव्हा कुठे काळीला रडायला जागा मिळाली. मेंढवाड्याच्या दाराशी, आपल्या जागेवर, ती पोटभर रडली.

लोढणे जड होते. चालताना गुडघ्यांवर आपटे. पण मोकळ्या रानात छातीवर जे ओझे होते त्याच्यापुढे हे काहीच नव्हते. खरे दुःख निराळेच होते. कोकरू तिच्याजवळ येईना. सगळे समजले होते त्याला, आईने समजावलेही होते. पण समजणे वेगळे आणि भीती जाणे वेगळे. आत जाताना ते दाराच्या पार दुसऱ्या कडेने जाई. काळी त्याच्याकडे पाहायची नाही, हाक मारायची नाही. नुसता त्याचा वास घ्यायची आणि मान वळवायची. आधी ओढा मध्ये होता, आता हातभर जागा होती. पण ती हातभर जागा ओढ्यापेक्षा रुंद वाटे. भुंकणे अजूनही ती गिळतच होती. सगळे आत आले असे तिला वाटत नव्हते.

पावसाळा गेला, पुन्हा थंडी पडली. कोकरू आता कोकरू राहिले नव्हते, शिंगांना पहिला वळसा आला होता. एका संध्याकाळी कळप आत शिरला आणि सगळ्यांत शेवटी ते दाराशी येऊन थांबले.

"मावशी," ते म्हणाले, "मला अजून त्या दातांची भीती वाटते."

"वाटू दे," काळी म्हणाली. "लोढण्याच्या बाजूने बस."

ते घुटमळले. मग हळूच येऊन लोढण्याच्या बाजूने बसले आणि त्या लाकडावरच त्याने आपली हनुवटी टेकली. काळी हलली नाही, श्वासही तिने बेतानेच घेतला. थोड्या वेळाने त्याची लोकर तिच्या पोटाला लागली, त्याच त्या जागेला.

मग तिने मान वर केली आणि एकदाच, भरल्या गळ्याने भुंकली. आतल्या मेंढ्यांनी गुडघे मोडले आणि त्या खाली बसल्या.

तात्पर्य : करवंटीने तोंड मोजता येते, स्वभाव मोजता येत नाही. भीती खरी असेल तर लोढणे जरूर बांधावे. पण जात पाहून कोणाला वेशीबाहेर काढण्याआधी, दोरी कोणाच्या हातात होती ते विचारावे.